"होतंच असं" म्हणणाऱ्यांविरुद्ध

सध्या एक वाक्य माझ्या फार डोक्यात जातं. "अरे, होतंच असं पहिल्या वेळी!"

घरी बीअर बनवणाऱ्या कुठल्याही अनुभवी माणसाला जाऊन सांगा, की रात्री माझा फर्मेंटर ओतू गेला, झाकण उडालं, छतापर्यंत फेस गेला आणि कार्पेटवर तपकिरी चिखल झालाय. तो काय करेल? हसेल. पाठीवर थाप मारेल. मोबाईल काढून स्वतःच्या जुन्या पराक्रमाचा फोटो दाखवेल, आणि मग ते वाक्य टाकेल. जणू काही तुमची मुंजच लागली.

मंडळी, माझं म्हणणं असं, की हे असं "होत" नसतं. ते केलेलं असतं. भांडं किती मोठं, ते कितपत भरायचं, ते कुठल्या खोलीत ठेवायचं आणि वायू बाहेर जायला वाट किती रुंद ठेवायची, हे सगळं कोणीतरी आधी ठरवलेलं असतं. आणि बहुतेक वेळा ठरवणारा तो बिचारा नवखा नसतो. खोक्यात सामान भरून विकणारा असतो.

पुढे जाण्याआधी दोन खुलासे. एक, मी राहतो अमेरिकेत, ओरेगनमध्ये. इथे घरी स्वतःपुरती बीअर बनवणं कायदेशीर आहे. १९७८ साली कार्टरसाहेबांनी त्या कायद्यावर सही केली. प्रौढ माणशी वर्षाला १०० गॅलन, आणि घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर एकूण २०० गॅलन. (मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांना मात्र २०१३ पर्यंत वेळ लागला.) महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय मद्य बनवता येत नाही. तेव्हा पुण्यातल्या मित्रांनी हे फक्त वाचायचं, करून बघायचं नाही. दोन, आईला या लेखाचा पत्ता देऊ नये. ह.घ्या.

तर, आधी आत काय चालतं ते बघू. माल्टमधली साखर गरम पाण्यात उतरवायची, हॉप्स घालून उकळायची, थंड करायची. या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. त्यात यीस्ट टाकलं की ते साखर खातं, आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करतं. वायूचे बुडबुडे वर येताना माल्टमधली प्रथिनं, हॉप्समधली कडू द्रव्यं आणि यीस्टच्या पेशी बरोबर घेऊन येतात. त्याचा वर जाड, चिकट थर जमतो. जर्मन लोक त्याला क्राउझन म्हणतात. हाच तो फेस.

वायू किती होतो, याचा हिशेब सहसा कोणी करत नाही. इंजिनियर आहोत, करून टाकू. नेहमीची खेप ५ गॅलनची, म्हणजे सुमारे १९ लिटर. मध्यम ताकदीची बीअर धरू, सुरुवातीची घनता १.०५०. त्यात अडीच किलोच्या आसपास विरघळलेला माल असतो. यीस्ट त्यातला साधारण दीड किलो फस्त करतं. त्याचा जवळजवळ निम्मा भाग वायू होतो, म्हणजे ७०० ग्रॅम. ७०० भागिले ४४, झाले १६ मोल. खोलीच्या तापमानाला एक मोल म्हणजे २४ लिटर. गुणाकार करा: ३८० लिटरच्या वर!

१९ लिटर बीअरमधून ३८० लिटर वायू. एक मोठा डबल डोअर फ्रिज भरेल इतका. आणि तो दोन आठवड्यांत समान हप्त्यांनी येत नाही. निम्म्याहून अधिक पहिल्या दोन-तीन दिवसांत येतो. ऐन भरात असताना तासाला पाच-सहा लिटर सहज.

आता हा वायू बाहेर जायला नवख्याच्या खोक्यात काय दिलेलं असतं? एअरलॉक. दीड-दोन डॉलरचा प्लास्टिकचा तुकडा. त्याची दांडी जेमतेम पेन्सिल जाईल इतकी रुंद, आणि बऱ्याच एअरलॉकच्या तळाशी अधिकच्या चिन्हासारखी आडवी-उभी पट्टी. नुसता वायू जाणार असेल तर ही वाट भरपूर आहे. पण फेस तिथवर चढला, की त्यातला हॉप्सचा चोथा नेमका त्या पट्टीत अडकतो. वाट बंद. यीस्टला ते कळत नाही. ते आपलं खातच राहतं.

आणखी एक आकडेमोड करा. बादलीचं झाकण ३० सेंटिमीटर व्यासाचं धरा. आतला दाब बाहेरच्यापेक्षा वातावरणाच्या फक्त एक दशांशाने वाढला, तरी त्या झाकणावर आतून सत्तर किलोचा जोर येतो. एक धष्टपुष्ट माणूस आतून झाकण ढकलतोय असं समजा. मग झाकण छताला लागलं यात आश्चर्य कसलं? न लागतं तर आश्चर्य.

याला आमच्या धंद्यात कपॅसिटी प्लॅनिंगचा अभाव म्हणतात. मर्यादित जागेच्या बफरमध्ये किती डेटा येणार याचा विचार न करता ओतत राहिलात, तर बफर ओव्हरफ्लो होणारच. आणि तो झाल्यावर टीम लीड युजरच्या पाठीवर थाप मारून "होतंच असं" म्हणाला, तर त्याला दुसऱ्या दिवशी क्लायंटसमोर उभं राहून दाखवू दे.

गंमत म्हणजे हे सगळं आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. इडलीचं पीठ आंबवायला ठेवताना कुठली आई पातेलं काठोकाठ भरते? "अर्धंच भर, फुगून वर येतं." "उन्हाळा आहे, लवकर येईल, रात्री उशिरा ठेव." "पातेल्याखाली ताट ठेव, नाहीतर ओट्यावर येईल." तीन वाक्यं. वरची मोकळी जागा, तापमान, आणि सांडलंच तर त्याची सोय. पूर्ण डिझाईन डॉक्युमेंट झालं की! आणि झाकण? ते नुसतं वर ठेवलेलं असतं, दाबून घट्ट लावलेलं नसतं. दूध आपण मुद्दाम उतू घालवतो ते वास्तुशांतीला, एकदा. रोज सकाळी दूध उतू गेलं तर त्याला कोणी शुभ म्हणत नाही. बोलणी खावी लागतात.

आता माझ्या एका मित्राची गोष्ट. ऑगस्ट महिना, त्याची पहिलीच खेप, आणि बनवायला घेतली गव्हाची बीअर. गव्हात प्रथिनं जास्त, म्हणून फेस जास्त. शिवाय या बीअरचं यीस्ट वर चढणारं. वायईस्ट कंपनीचं ३०६८ नंबरचं यीस्ट प्रसिद्ध आहे. कंपनी स्वतःच त्याच्या माहितीत सांगते, की भांड्यात ३३ टक्के जागा मोकळी ठेवा. म्हणजे ५ गॅलनला साडेसात गॅलनचं भांडं. मित्राच्या खोक्यात होती साडेसहा गॅलनची बादली, आणि सूचनांच्या कागदावर मोकळ्या जागेबद्दल एक अक्षर नव्हतं. "अंधाऱ्या जागी, खोलीच्या तापमानाला ठेवा," एवढंच. त्याने इमानदारीत ती बेडरूमच्या कपाटात ठेवली. अपार्टमेंटला एसी नाही. कपाटात २८ डिग्री.

रात्री तीनला धाडकन आवाज आला. वहिनींना वाटलं भूकंप. (ओरेगनमध्ये राहणाऱ्याला हे वाटणं साहजिक आहे.) कपाटाचं छत, वहिनींच्या चार साड्या, कार्पेट, सगळं चिकट. पुढे घर सोडताना डिपॉझिटमधून कार्पेटचे पैसे कापले गेले ते वेगळंच. मित्राने सकाळी दुकानात फोन केला. पलीकडून हसत उत्तर, पहिल्यांदाच ना? होतं असं.

आता यातली न हसण्यासारखी गोष्ट. मित्राने आधी काचेचा कारबॉय पसंत केला होता, कारण तो दिसतो छान आणि आतलं दिसतं. वीस-पंचवीस डॉलर वाचवायला म्हणून बादली घेतली. त्यांची एक वर्षाची मुलगी त्याच खोलीत रांगते.

काचेचा कारबॉय हे दाब सहन करायला बनवलेलं भांडं नाही. बहुतेक वेळा आधी बूचच उडतं आणि काच वाचते, हे मान्य. पण बूच गच्च बसलं तर? आणि त्याहून मोठा धोका नंतरचा. १९ लिटर बीअर भरलेली, वीस-पंचवीस किलो वजनाची काचेची बरणी, बाहेरून फेसाने माखून साबणासारखी निसरडी झालेली, आणि तिला उचलून बाथटबकडे नेणारा झोपेतून उठलेला घाबरलेला माणूस. कारबॉय हातातून सुटून मनगटाच्या शिरा आणि स्नायूबंध कापले गेल्याच्या हकिगती या छंदात नवीन नाहीत. जुने खेळाडू त्याही सांगतात. आवाज थोडा खाली आणून सांगतात, एवढाच फरक.

"होतंच असं" या वाक्याचा इतिहासही बघा. १७ ऑक्टोबर १८१४. लंडनमधली हॉर्स शू ब्रुअरी. पोर्टर बीअरने भरलेल्या अवाढव्य लाकडी पिंपाचा एक लोखंडी पट्टा निसटला. तिथल्या कारकुनाने ते पाहिलं, वर कळवलं. पण पट्टे वर्षातून दोन-तीनदा निसटायचेच. त्यामुळे नंतर बघू असं ठरलं. तासाभरात पिंप फुटलं. बीअरची लाट शेजारच्या गरीब वस्तीत घुसली आणि आठ जण मेले. चौकशीत निकाल लागला की हा अपघात. कोणी दोषी नाही. तिथे पिंपाचा पट्टा होता, इथे एअरलॉक आहे. प्रमाणही अर्थातच वेगळं. पण "नेहमी होतं आणि काही बिघडत नाही" हा विचार मात्र तोच.

आता मला येणारी उत्तरं मला पाठ आहेत. एकेक घेऊ.

"ओतू जाणं म्हणजे यीस्ट जोमात असल्याची खूण." अर्धं खरं. यीस्ट जोमात असेल तर फेस भरपूर येतो. तो भांड्याबाहेर येतो की नाही हे भांडं ठरवतं, यीस्ट नाही. शिवाय तो जोम पुष्कळदा उष्णतेचा असतो. किण्वनात उष्णता तयार होते, त्यामुळे ऐन भरात आतलं तापमान खोलीपेक्षा तीन ते पाच डिग्रीने जास्त असतं. खोली २४ असेल तर आत २८. नेहमीच्या एल यीस्टला १८ ते २० हवं असतं. गरमीत ते घाईघाईने काम उरकतं आणि घशाला झोंबणारी जड अल्कोहोलं मागे सोडतं. तेव्हा मित्रा, तुझ्या त्या "ज्वालामुखी"च्या फोटोत जोम दिसतोय की ताप, ते आधी तपास.

"फेस बाहेर गेला की कडवटपणा जातो, बीअर स्वच्छ होते." फेसावर कडू राळ जमते हे खरंच आहे. पण मग तो बाहेर काढायची नीट सोय करा ना! इंग्लंडमधल्या बर्टन-ऑन-ट्रेंटच्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात हेच केलं. ओळीने लाकडी पिंपं, प्रत्येकाच्या डोक्यावर हंसाच्या मानेसारखा वाकवलेला नळ, आणि वर एक लांब पन्हळ. फेस नळातून पन्हळीत पडायचा, यीस्ट तिथे राहायचं, बीअर परत पिंपात. याला बर्टन युनियन म्हणतात. मार्स्टन्सने ही पद्धत २०२४ पर्यंत चालू ठेवली, आणि त्यांनी ती बंद केल्यावर त्यातला एक संच थॉर्नब्रिज ब्रुअरीने नेऊन पुन्हा चालू केला. ओतू जाणार हे गृहीत धरून त्यासाठी वाट बांधणं, याला फीचर म्हणतात. ओतू गेल्यावर कार्पेट पुसणं, याला बग म्हणतात.

"फेस मारणारे थेंब टाक, झालं." सिलिकोनचे थेंब मिळतात. तान्ह्या बाळांना पोटातल्या गॅससाठी देतात, त्याच घराण्यातले. काम करतात, माझा विरोध नाही. पण ते फक्त बुडबुडे फोडतात. वायू तेवढाच राहतो, तापमान तेवढंच राहतं. लहान भांडं आणि गरम कपाट यांना ते औषध नाही.

"हे सगळं सगळ्यांनाच माहीत आहे, तू काय नवीन सांगतोयस?" हाच तर माझा मुद्दा! सगळ्यांना माहीत आहे. फक्त नवख्याला माहीत नाही, आणि त्याला ते समजतं कार्पेट पुसून झाल्यावर. उपाय काय ते विचारल्यावर प्रत्येक जण दहा सेकंदात सांगतो. मग विचारायच्या आधी का सांगत नाही? दहा-एक डॉलरची नळी शंभर-दीडशे डॉलरच्या खोक्यात का नसते? (काही चांगले विक्रेते देतात. त्यांना दंडवत.) कारण ती नसल्याचा खर्च दुकानदार सोसत नाही. मित्र सोसतो, वहिनी सोसतात.

तर आता उपाय. नवख्यांनी एवढंच छापून फ्रिजवर चिकटवा.

१. भांडं. ५ गॅलनच्या खेपेला साडेसहा गॅलनचं भांडं हे कमीत कमी. ५ किंवा ६ गॅलनच्या कारबॉयमध्ये पूर्ण खेप पहिल्या आठवड्यात घालू नका. गव्हाची किंवा जास्त ताकदीची बीअर असेल तर एकतृतीयांश जागा रिकामी. मोठं भांडं नाही? मग खेप चार गॅलनची करा. कमी बीअर मिळेल, पण पोटात जाईल. आणि भांडं काचेचं नको. फूड ग्रेड प्लास्टिक किंवा स्टील.

२. नळी. पहिले तीन-चार दिवस एअरलॉक लावूच नका. कारबॉय असेल तर त्याच्या तोंडात घट्ट बसणारी, आतून एक इंच रुंद नळी. बादली असेल तर झाकणाच्या भोकात रबरी कडं घालून अर्ध्या इंचाची तरी. दुसरं टोक निर्जंतुक द्रावणाच्या मोठ्या बरणीत, दोन-तीन सेंटिमीटर बुडेल इतकंच. बरणी फर्मेंटरपेक्षा खाली ठेवा आणि काठोकाठ भरू नका. रात्री गारठा वाढला की आतली हवा आकसते आणि द्रावण उलटं वर ओढलं जातं. फेस बसला की नळी काढा, मग लावा तो एअरलॉक.

३. तापमान. यीस्ट १८-१९ डिग्रीला टाका, २५ ला नाही. भांडं पाण्याच्या टबात ठेवा, त्याला जुना ओला टी-शर्ट घाला, पाण्याचं टोक टबात बुडालेलं, समोर पंखा. हे माठाचंच तत्त्व आहे, इथले लोक त्याला भारी इंग्रजी नावाने ओळखतात. फारच उकाडा असेल तर टबात बर्फाच्या बाटल्या. थर्मामीटर भांड्याला चिकटवा, खोलीच्या भिंतीला नको.

४. ताट. म्हणजे भांड्याखाली टब किंवा मोठा ट्रे. फरशीची जागा निवडा, कार्पेटची नको. कपड्यांचं कपाट तर नकोच नको.

५. वाट तुंबलीच आणि झाकण फुगलेलं दिसलं, तर त्यावर वाकून बघू नका. तोंड बाजूला ठेवा, वरून ओला टॉवेल टाका, आणि एअरलॉक हळूहळू सैल करा.

बस्स. यात रॉकेट सायन्स कुठे आहे? इडलीच्या पिठापेक्षा एक नळी जास्त, एवढंच.

आणि जुन्या खेळाडूंना एक विनंती. तुमचे फोटो ठेवा, हसाही. पण पुढच्या वेळी कोणी नवीन माणूस "मी सुरू करतोय" म्हणाला, की आधी दोनच प्रश्न विचारा: भांडं केवढं, आणि नळी आहे का? यीस्ट कुठलं, हॉप्स कुठले, याच्या गप्पा मग. आमच्या मित्राला हे दोन प्रश्न कोणी विचारले असते तर तो आज आमच्याबरोबर दुसरी, तिसरी, दहावी खेप लावत असता. त्याने छंद सोडला. ती बादली आता वहिनी कपडे भिजवायला वापरतात.

असो. वर्ट थंड होत आलंय, पळतो.

ता.क. थेंबवाल्या मंडळींनी चिडू नये. माझ्याकडेही एक बाटली आहे. नळीच्या शेजारी ठेवलेली, नळीऐवजी नाही.